अप्पांच्या शेजारची जागा

माणूस मेल्यावर स्मशानात जातो, यात नवल नाही. लातुरात मात्र अख्खं गावच धडधाकट, हातात वास्तुशांतीचे नारळ घेऊन, रुद्रभूमीच्या दारात राहायला आलं. उमाशंकर लहान होता तेव्हा लिंगायत समाजाची ही जागा गावापासून इतकी लांब होती, की मयतीला गेलेली माणसं परत येईपर्यंत भुकेनं अर्धी होत. भोवती तुरीची रानं, बाभळी आणि बैलगाडीची एक वाट. मग गावात क्लासेस निघाले. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, जिकडून तिकडून पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग खोल्या भाड्यानं देणारे, डबे पुरवणारे, झेरॉक्स काढणारे आणि पोरांच्या काळजीनं सोबत राहायला आलेले आईबापही आले. तुरीची रानं प्लॉट झाली, प्लॉटवर वसतिगृहं उभी राहिली आणि दोन इमारतींच्या मधून मांजरालासुद्धा अंग चोरून जावं लागू लागलं.

प्रत्येक प्लॉटला बोअर हवाच, कारण शेजाऱ्याला आहे. प्रत्येक दारापुढं सिमेंटचा कोबा हवाच, कारण पावसाळ्यात काळी माती चपलेला धरून घरात येते. ज्यांच्या पिढ्या त्या मातीवर जेवल्या, तीच माणसं तिला दारात उभी करेनाशी झाली.

या सगळ्या गर्दीत मातीची म्हणून एकच जागा उरली, ती मेलेल्यांची. रुद्रभूमीत कडुनिंब होते, बेल होते, एक म्हातारी चिंच होती. वैशाखात गल्ली तव्यासारखी तापली तरी तिकडून आलेली झुळूक गार असायची. पण मोकळी जागा दिसली की माणसाला हातातली पिशवी जड वाटू लागते. मेसमधलं खरकटं, प्लास्टिकचे ग्लास, फाटक्या गाद्या, सगळं तिथं येऊन पडू लागलं आणि त्यामागं डुकरं आली.

उमाशंकर तेव्हा रुद्रभूमी समितीचा सचिव होता. गंजगोलाईच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. माणूस शब्दाला जागणारा आणि जरा तापट. त्यानं दारोदार फिरून समाजाला भंडावून सोडलं आणि चारी बाजूंनी डोक्याच्या वर जाणारी भिंत बांधून घेतली. पाया दगडी, वर गिलावा, पांढरा रंग, कुठं बोट घालायला फट नाही. लोक पाहुण्यांना सिद्धेश्वराच्या देवळात नेतात, उमाशंकर आधी भिंत दाखवायचा. बायको सुकन्या म्हणायची की, आमच्या लग्नाचा अल्बम इतक्यांदा कुणाला दाखवला नाही.

भिंत बांधताना त्याच्या मनात वडील होते. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात शिवप्पा, म्हणजे अप्पा, गेले. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, मांडी घातलेल्या बैठकीत, बेलपानांसह मातीआड करतात. म्हणून तिथं कुणी ‘पुरलं’ म्हणत नाही, ‘बसवलं’ म्हणतात. आणि या रुद्रभूमीची आपली एक रीत होती. नवरा-बायकोतलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी सोडायची आणि तिच्यावर चुन्यानं रंगवलेला दगड ठेवायचा. दगड एकदा ठेवला की ती जागा आमदाराच्या बापालाही मिळायची नाही.

अप्पांच्या शेजारी असाच एक दगड होता, तो उमाशंकरच्या आईचा, जगदेवीचा. जाण्याच्या आधी अप्पांनी मुलाचा हात धरून एवढंच मागितलं होतं, की तुझ्या आईला माझ्याजवळच आण. उमाशंकरनं शब्द दिला होता.

जगदेवी ही नाकासमोर चालणारी बाई होती, फक्त नाक जरा वर ठेवून. गल्ली तिला अक्का म्हणायची. घराच्या वरच्या खोल्यांत तिनं क्लासच्या मुली ठेवल्या होत्या; त्यांना ती सकाळी रागवायची आणि संध्याकाळी त्यांच्या ताटात तूप वाढायची. दर सोमवारी बेलपान घेऊन रुद्रभूमीत जायची आणि अप्पांच्या शेजारी, स्वतःच्याच राखीव जागेवर, दगड बाजूला सारून बसायची. तिथं बसून नवऱ्याला आठवड्याच्या बातम्या सांगायची. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचा बोअर आटला, दुकानात गिऱ्हाईक कसं आहे. अप्पा हयातीत फार ऐकून घेणारे नव्हते. आता मात्र निमूट ऐकत. मुलींना ती म्हणायची, “तुमचं ॲडमिशन अजून व्हायचंय. मपलं पक्कं झालंय.”

भिंतीनंतरचा पहिला पावसाळा कोरडाच गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, एका दुपारी असा पाऊस झाला की समोरची इमारत दिसेना. रिंगरोडच्या अंगाचं सगळं पाणी कोब्यावरून घसरत खाली आलं, भिंतीला येऊन धडकलं आणि वळून खालच्या गल्लीत शिरलं. गटारीही त्याच्यासोबत निघाल्या. तळमजल्यावरच्या खोल्यांतून गाद्या, वह्या, चपला तरंगू लागल्या. पोरी खाटांवर उभ्या राहून आईबापांना फोन करत होत्या. जगदेवीनं पदर खोचला, गुडघाभर घाण पाण्यात उतरली आणि एकेकीला हाताला धरून आपल्या घरात आणलं. मग मोठं पातेलं चढवून सगळ्यांना खिचडी घातली.

उमाशंकर दुकान टाकून धावत आला. आला तो सरळ गच्चीवर गेला आणि भिंत बघून त्याचा जीव भांड्यात पडला. कुठं तडा नव्हता. शेजारी सुदर्शन सर उभे होते. मुखेडकडचा तरुण माणूस, क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि त्यांच्याच घरात भाड्यानं राहायचा. उमाशंकर त्याला मोठ्या समाधानानं म्हणाला की, बघा, भिंतीला काही झालं नाही.

“काका,” सुदर्शन हळूच म्हणाला, “भिंतीला काही झालं न्हाई, म्हणूनच खाली झालं.”

मग त्यानं हातानं दाखवलं. रुद्रभूमीच्या वरच्या कोपऱ्यातून पूर्वी पाणी आत शिरायचं, समाध्यांच्या मधून पसरायचं आणि जमिनीत मुरायचं. कुणाचं लक्ष नव्हतं, पण ते मेलेले लोक खालच्या गल्लीचं पाणी दर पावसाळ्यात पिऊन घेत होते. आता बाकी सगळीकडं सिमेंट, आणि जिथं माती आहे तिथं भिंत. उन्हाळ्यात बोअर आटतात आणि पावसात घरं बुडतात, ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उमाशंकरला सोपं गेलं असतं, निदान भांडता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात मठात समितीची बैठक झाली. खालच्या गल्लीतली माणसंही बोलावली होती; ती लाजत लाजत आली, कारण दुसऱ्यांच्या स्मशानाबद्दल बोलायचं कसं. सुदर्शननं तोड सांगितली. भिंतीला वरच्या कोपऱ्यात तोंडं ठेवायची. पण पाणी नुसतं आत सोडलं तर काळ्या मातीवर साचून समाध्यांत उभं राहील. म्हणून भिंतीच्या कडेनं एक खोल चर खणायचा, काळी माती ओलांडून मुरमापर्यंत, आणि त्यात दगड-खडी-वाळू भरायची. पाणी चरात उतरेल आणि तिथून खाली जाईल.

सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी विचारलं, की चर खणायचा कुठं?

तिथं बैठक थांबली. रुद्रभूमी भरली होती. गाव वाढलं तशा मयतीही वाढल्या होत्या. नव्यांना आता औशाच्या रस्त्यावरच्या नव्या जागेत न्यावं लागत होतं आणि तिकडं कुणी खुशीनं जात नव्हतं. आत मोकळा पट्टा एकच होता, वरच्या भिंतीलगतचा, आणि त्याच्यावर रांगेनं पांढरे दगड होते.

समितीचे अध्यक्ष वीरण्णा हे डाळमिलवाले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण हट्ट सगळ्यांत मोठा. त्यांची बायको कमलम्मा त्याच रांगेत बसवलेली होती आणि तिच्या शेजारी वीरण्णांचा दगड होता. ते उठून म्हणाले, “मेलेल्याची जागा काढून घेता येत न्हाई. अन् जित्याची तर त्याहून न्हाई. दुसरं काय करायचं ते करा.”

उमाशंकरला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. खालच्या गल्लीचं त्याला वाईट वाटत होतं, भिंतीची लाजही वाटत होती, पण अप्पांना दिलेला शब्द त्या पट्ट्यात होता. पालिकेकडं मोठ्या गटारीची मागणी करू, असा ठराव त्यानं लिहायलाही घेतला. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि जगदेवी गुडघ्यावर हात टेकून उठली.

“वरच्या कोपऱ्यात पयली जागा मपली हाय,” ती म्हणाली. “तिथून सुरू करा.”

एवढं बोलून ती खाली बसली. उमाशंकरच्या हातातला पेन तसाच राहिला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याचा पारा चढला. त्यानं आईला विचारलं की मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही का. भिंत मी चुकीची बांधली, तर ती पाडतो, दुसरीकडं बांधतो, पण हे काय? मी अप्पांना शब्द दिलाय.

“शब्द तू दिलाय,” जगदेवी म्हणाली. “जागा मपली हाय.”

मग ती भाजी निवडायची थांबली. सुकन्या दारात उभी होती, तिलाही तिनं बसायला सांगितलं.

“तुझे अप्पा गेले त्या दिशी घरात अंघोळीला पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. शेजारच्या तांबोळीबाईनं तिच्या लेकरांचं प्यायचं पाणी दिलं, घागरभर. त्यात त्यांचे पाय धुवायचे राहिले. मी पदरानं पुसले. तू भायेर माणसं बघत होतास. तुला कधी सांगितलं न्हाई, आज सांगतेय.”

तो दिवस उमाशंकरला वाटत होता तसा नव्हता, हे त्याला इतक्या वर्षांनी कळत होतं.

“आता तेच पाणी लोकांच्या घरात घुसतंय,” जगदेवी म्हणाली, “अन् मी तितं दगड ठेवून जागा धरून बसू? मला वाईट वाटत न्हाई आसं न्हाई. लई वाटतंय. पण वाटलं म्हणून काय करायचं.”

उमाशंकर त्यानंतर कितीतरी दिवस आईशी धड बोलला नाही. राग होता, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे कबूल करणं त्याला रागापेक्षा अवघड जात होतं. दुकानात पातेली लावता लावता तो मध्येच थांबायचा. आपली आई ही एवढी बाई आहे, हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं कसं नाही, असं त्याच्या मनात येई आणि मग परत राग येई.

गल्लीत मात्र हालचाल सुरू झाली. आधी दोन विधवा बाया आल्या आणि आमचेही दगड उचला म्हणाल्या. मग एक म्हातारा आला. तो म्हणाला की माझी हरकत नाही, पण मालकिणीला विचारून सांगतो, आणि सोमवारी समाधीपाशी बसून खरंच विचारून आला. तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण हो म्हणाला. एकेक करून रांग मोकळी होत गेली. कुणी हसत दगड उचलला, कुणी रडत. एका बाईनं उचलला, घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवला, मग आठवड्यानं पुन्हा उचलला. तिला कुणी काही म्हणालं नाही.

वीरण्णांचा दगड तेवढा जागचा हलला नाही. ते बैठकीला येईनासे झाले. समितीतली तरणी मंडळी कुरकुरू लागली की अध्यक्षच असे, तर कसं व्हायचं. जगदेवीनंच त्यांना गप्प केलं. ती म्हणाली, की त्यांचं मन होत नाही तर राहू द्या, कमलम्माशिवाय त्या माणसाला घरातसुद्धा पाण्याचा तांब्या सापडत नव्हता. चराला तिथं जरा वळण द्या. आणि खरंच, चराच्या आखणीत तेवढ्या जागी वळण आलं. गल्लीनं त्याला ‘वीरण्णांचं वळण’ असं नाव ठेवलं, आणि वीरण्णांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

खोदकाम दसऱ्यानंतर सुरू झालं. पहिल्या दिवशी उमाशंकर गेलाच नाही. सुकन्यानं त्याचा डबा भरला नाही, म्हणाली, “आज दुकान न्हाई. तिकडं आई एकल्या बसल्यात.” तेव्हा तो गेला.

जगदेवी अप्पांच्या समाधीला पाठ लावून स्टुलावर बसली होती आणि जेसीबीवाल्या मल्लेशला सूचना देत होती. बकेट इकडं नको, माझ्या माणसाला धक्का लागेल. मल्लेश देगलूरकडचा, अर्धा तेलुगू बोलणारा गडी; तो दर वेळी मान डोलवून मशीन इतकी हळू फिरवायचा की जणू झोपलेल्या लेकराच्या बाजूनं चालला आहे. वरची काळी माती निघाली. खाली पिवळसर मुरूम लागला. कोपऱ्यातल्या जागेवर पहिल्यांदा बकेट उतरली तेव्हा जगदेवीनं चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली.

उमाशंकर तिच्याजवळ गेला नाही. जवळ गेला असता तर दोघांनाही आवरलं नसतं. त्यानं कोपऱ्यात ठेवलेला घण उचलला आणि भिंतीकडं गेला. स्वतः पाणी मारून मारून पक्की केलेली भिंत होती. दहा-बारा घाव तर तिनं दादच दिली नाही. गिलावा उडाला, मग दगड हलला. पहिलं तोंड पडलं तेव्हा पलीकडून रिंगरोडकडचा वारा आत आला. उमाशंकर घामानं निथळत होता. मागं वळून बघितलं तर आई त्याच्याकडं बघत होती. मग संध्याकाळपर्यंत तो चरात उतरून दगड रचत राहिला. मोठ्यांच्या फटीत मध्यम, मध्यमांच्या फटीत लहान, दुकानात पातेली रचतात तसे. मल्लेश म्हणाला की, सावकार, हे पाण्याला आहेत, गिऱ्हाइकाला दाखवायचे नाहीत. पण उमाशंकरचा हात वेडंवाकडं रचायला तयारच होईना.

पुढच्या पावसाळ्यात गल्लीनं जीव मुठीत धरून वाट बघितली. पाऊस आला, कोब्यावरून पाणी घसरलं, भिंतीच्या तोंडांतून आत शिरलं, कोपऱ्यात उतरलं आणि चरात गडप झालं. वीरण्णांच्या वळणावर जरा घुटमळलं, पण पुढं गेलं. खालच्या गल्लीत टाचा भिजतील एवढंच आलं. त्या वर्षी होळीला आटणारे खालचे बोअर वैशाखापर्यंत कसंबसं पाणी देत राहिले. एका चरानं लातूरची तहान भागत नसते. पलीकडच्या कॉलनीत टँकर येतच होते आणि रिंगरोडच्या वर नवे प्लॉट पडतच होते. पण त्या कॉलनीतली माणसं येऊन चर बघून गेली, आणि एका वसतिगृहाच्या मालकानं गच्चीचं पाणी आपल्या आटलेल्या बोअरात सोडलं. उमाशंकर पाहुण्यांना आता भिंतीला पाडलेली भोकं दाखवू लागला. पाऊस लागला की छत्री घेऊन कोपऱ्यावर उभा राहायचा, तोंडाशी अडकलेलं प्लास्टिक हातानं काढायचा आणि टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

जगदेवी सोमवारी येतच राहिली. आता तिच्या बाजूला बसायला जागा नव्हती, म्हणून ती अप्पांच्या दुसऱ्या अंगाला, पायवाटेवर सतरंजी टाकून बसायची. उमाशंकरला ते बघवत नसे. एकदा त्यानं विचारलं, की तुला चुकल्यासारखं वाटतं का. ती म्हणाली की वाटतं, पण ह्या बाजूच्या कानानं त्यांना जास्त ऐकू येत होतं.

मार्गशीर्षात तिला ताप आला. साधाच वाटला, दोन दिवसांत उतरेल असा. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जागेबद्दल, नेण्याबद्दल ती काही बोलली नव्हती. सुकन्याला म्हणाली होती, की पोरींच्या परीक्षा आहेत, त्यांना उपाशी पाठवू नको.

ऊन वर येईपर्यंत गल्ली माणसांनी भरली. मुली जिन्यावर बसून रडत होत्या. तांबोळीबाई आता थकली होती, तरी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आली. मठातून स्वामी आले. विमान, म्हणजे मयताला बसवून न्यायची पालखी, सजवायला झेंडूच्या माळा आल्या. आणि नेमक्या त्या वेळी वीरण्णा आत आले आणि उमाशंकरच्या जवळ जमिनीवर बसले.

“उमाशंकर,” ते म्हणाले, “चराचा कोपऱ्यातला तोंडाचा भाग बुजवू. अक्काला शिवप्पाजवळच बसवू. मपल्यासाठी चर वळला. तिच्यासाठी वळणार न्हाई का?”

त्यांच्यामागं खालच्या गल्लीतली माणसं फावडी-टिकाव घेऊन उभी होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं तीच माणसं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. एक जण म्हणाला, की आमच्या घरात आलं पाणी तर येऊ द्या, बाईंना लांब नेऊ नका. सुदर्शननंही खाली मान घालून सांगितलं, की तोंड दुसरीकडून काढता येईल, पाणी जरा कमी मुरेल, पण निभेल.

उमाशंकर उठला. रुद्रभूमीत गेला. कोपऱ्यात चरावरच्या वाळूवर कडुनिंबाची पानं पडली होती. एका बाजूला अप्पा होते. दिलेला शब्द पाळणं आता किती सोपं होतं. शब्द पाळायला सगळं गाव फावडी घेऊन तयार होतं. नुसती मान हलवायची होती. त्याला मान हलवावीशी इतकी वाटत होती की त्यानं समाधीचा दगड घट्ट धरून ठेवला. मोठ्यानं रडला, कारण तिथं ऐकणारं कुणी जिवंत नव्हतं. अप्पांची माफी मागितली. आणि परत आला.

“काका,” तो वीरण्णांना म्हणाला, “मपलं मन लई होतंय. पण तिनं दिलेलं मी परत घेतलं, तर तिचं काय राहिलं?”

वीरण्णांनी डोळ्यांना उपरणं लावलं. बाहेर फावडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

जगदेवीला फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून नेलं. टाळ-मृदंग पुढं, माणसं मागं. रुद्रभूमीच्या दारासमोर विमान क्षणभर थांबवलं, आणि मग पुढं निघालं. वसतिगृहांच्या गॅलऱ्यांतून पोरंपोरी बघत होती. बरीच खाली उतरून मागून चालू लागली. क्लासेसच्या पाट्या संपल्या, दुकानं संपली, अर्धवट बांधलेल्या इमारती संपल्या, तरी माणसं चालतच होती. इतक्या लांब मयतीला जायची लातूरच्या त्या पिढीला सवय नव्हती, पण कुणी रिक्षात बसलं नाही.

नवी जागा म्हणजे उघडा माळ. तारेचं कुंपण, गुडघ्याएवढी बेलाची रोपं, मोजक्या समाध्या, आणि तिथंही प्रत्येकीच्या शेजारी एकेक पांढरा दगड. स्वामींनी मंत्र म्हटले. तिला मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलपानं वाहिली. उमाशंकरनं पहिली माती दिली. माणसं एकेक करून माती देऊन मागं झाली.

सगळं आटोपल्यावर तिथला खड्डे खणणारा शेषेराव चुन्यानं रंगवलेला दगड घेऊन जवळ आला. बाईंचे यजमान जुन्या रुद्रभूमीत बसलेले आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं अदबीनं विचारलं, की मालक, बाईंच्या शेजारी हा तुमच्यासाठी ठेवून देऊ का? मुलाला आईजवळची जागा मिळते, रीत आहे.

उमाशंकरनं त्या दगडाकडं बघितलं, मग आईवरच्या ताज्या मातीकडं.

“नको,” तो म्हणाला. “पुढं जो कोणी येईल त्याला द्या. मला अजून लई वेळ हाय, अन् तिला बोलायला कुणीतरी लागतं.”